नऊ दिवसांचा खवा

धाराशिव,
१४ मार्च

तीर्थस्वरूप अक्कांना धाकट्या जावेचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? तेल लावून चोळून घेता की सुनांवर रुसून तसाच ठेवता, ते खरं कळवा. भाऊजींच्या डोळ्याचं ऑपरेशन या उन्हाळ्यात उरकून घ्या, पुढं ढकलू नका. इथं मी ठीक आहे, म्हणजे आठ दिवस सर्दी आहे, नाकाला कशाचाच वास येत नाही आणि तीन दिवसांच्या कार्यशाळेनं कंबर धरली आहे. तुम्ही एसटीनं पाठवलेला खव्याचा दुसरा डबाही मिळाला. तिन्ही संध्याकाळी घरी आल्यावर पोळीशी तोच खाल्ला, दुसरं काही रांधायचं त्राणच नव्हतं. (रागावू नका, पण यंदा जरा आंबूस लागला. वयानं हात उतरतोच, माझाही उतरला आहे.)

कार्यशाळा कसली, असं तुम्ही विचाराल. डॉक्टरांना आणि आम्हा सायन्सच्या मास्तरांना संशोधन कसं करावं आणि ते कसं लिहावं, हे त्यात तीन दिवस बसवून शिकवतात. मी चौतीस वर्षं जंतूंचा विषय शिकवते आहे आणि पुढच्या वर्षी निवृत्त होणार, तरी मला हे शिकल्याचं प्रमाणपत्र हवं. ते मार्चअखेर दिलं नाही तर माझं मार्गदर्शकपद जाईल आणि माझ्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या अर्पिताची नोंदणी रद्द होईल. ही अर्पिता तीच, तेरखेड्याची, जी चार वर्षं तुमच्या भट्टीवर येऊन खव्याचे नमुने नेते आणि जिला तुम्ही दर वेळी ‘खवा तपासायला जीभ असती की गं, मशीन कशाला’ म्हणता. पोरीचे वडील फटाक्यांच्या कारखान्यात कामाला. तिची चार वर्षं माझ्या एका कागदावर लटकली होती, म्हणून गेले. नाहीतर या वयात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तीन दिवस कोण बसतं?

पहिल्या दिवशी बारापर्यंत सत्कार झाले. आयोजकांनी पाहुण्यांचे केले, पाहुण्यांनी आयोजकांचे केले, आणि उरलेल्यांनी उरलेल्यांचे केले. (मला एक गुलाब मिळाला. तो मी शेजारच्या बाईंना दिला, त्यांनी तोच मला परत देऊन माझा सत्कार केला.) मग ओळख व्हावी म्हणून लोकरीचा गुंडा फिरवला. आपलं नाव सांगायचं, धागा धरून ठेवायचा आणि गुंडा दुसऱ्याकडं टाकायचा. बासष्ट माणसं एकमेकांत अशी गुंतली की शेवटी धागा कापावा लागला. हॉलमध्ये तीन सर्जन होते, पण कात्री निघाली ती शिपायाकडं. वेळेच्या नियोजनावरचं व्याख्यान दीड तास उशिरा सुरू झालं आणि चहाची सुटी खाऊन संपलं. मला सारखी आमच्या सोलापूरच्या कॉन्व्हेंटमधली सिस्टर फिलोमिना आठवत होती. चार बाकं, एक सूक्ष्मदर्शक आणि तिची ती लाकडी पट्टी, एवढ्यावर तिनं आम्हाला विज्ञान शिकवलं. चुकलं तर ओरडायची नाही, नुसती वही बंद करून परत द्यायची. त्याचीच जास्त भीती वाटायची.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येकानं आपल्या संशोधनाचा नमुना आणून तीन मिनिटं बोलायचं होतं. मी तुमचा आधीचा डबा नेला, मुद्दाम नऊ दिवस फडताळात ठेवलेला. पळसाच्या पानात बांधलेला खवा पाचव्या दिवसानंतर खाऊ नये, असं आमचं चार वर्षांचं म्हणणं आहे. डब्यावर चिठ्ठी होती, ‘नमुना ९-ब, खाऊ नये.’ पण ती होती डब्याच्या बुडाला. सिस्टरचा नियमच तसा होता. एकाचं झाकण दुसऱ्याला बसतं, तेव्हा नाव झाकणावर नाही, भांड्याच्या बुडाला लिहायचं. पन्नास वर्षांत मी तो मोडलेला नाही.

मी डबा टेबलावर ठेवला. शेजारी सरस्वतीचा फोटो आणि समई. गुंडाप्पा म्हणून तिथला जुना शिपाई, भाविक माणूस. बाईमाणसानं आणलेला, पानात बांधलेला गोड पदार्थ देवीपुढं दिसल्यावर त्यानं दुसरं काय समजावं? त्यानं नैवेद्य दाखवला आणि बोराएवढा गोळा हातावर ठेवत रांगेनं निघाला. पहिला घास पुण्याहून आलेल्या मोठ्या डॉक्टरांचा. मला ओरडायला हवं होतं, पण भरल्या सभेत ओरडायचं नाही, हेही कॉन्व्हेंटमध्येच शिकले. मी उभी राहून हात वर केला. आयोजक म्हणाले, “मॅडम, प्रश्नोत्तरं शेवटी.” आणि अक्का, मी खाली बसले.

अर्पिता कानाशी म्हणाली, “मॅडम, आमच्या गावात लेबल वाचल्याबिगर कुणी डब्याला हात लावत न्हाय. लावला तर हात ऱ्हात न्हाय.”

आम्ही दोघींनी आमचे गोळे रुमालात बांधले. बाकी साठ जणांनी खाल्ला. त्यानंतर अडीच दिवस मी एक शब्द ऐकला नाही. कोण उठून बाहेर जातं, किती वाजता आणि किती वेळानं येतं, एवढंच वहीत लिहीत बसले. (आयोजकांना वाटलं मी टिपणं काढते आहे. ‘आदर्श सहभागी’ म्हणून माझा फोटो काढला.) कुणालाही काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी व्याख्यान होतं, माणसांवर प्रयोग करण्याआधी त्यांची लेखी संमती घ्यावी यावर.

सांगितलं तर प्रमाणपत्र जाणार आणि अर्पिताची चार वर्षं जाणार. न सांगता सिस्टरचं नाव कसं घेऊ? चहाच्या वेळी मोठ्या डॉक्टरांपुढं वही ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून वही वाचली.

“यात मी सात वेळा बाहेर गेल्याचं दिसतं.”

“हो, सर.”

“ते शुगरमुळं, मॅडम. खव्याला बोल लावू नका.” मग चष्मा काढून म्हणाले, “चूक सांगायला उठून आलेली माणसं मी या कार्यशाळांमधून फार पाहिली नाहीत.” आणि पहिली सही माझ्या प्रमाणपत्रावर केली. अर्पिता भिंतीकडं तोंड करून रडली. मी तिला रागावले नाही.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
इरा

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी तुमचे डबे घासायला काढले. दोन्ही सारखे, दोन्हींवर तुमचंच नाव कोरलेलं. रोज पोळीशी खाऊन मी जो रिकामा केला, तो उलटा केला तर बुडाला चिठ्ठी, ‘नमुना ९-ब, खाऊ नये.’ साठ जणांनी तुमचा ताजा खवा खाल्ला. मला अजून काही झालेलं नाही, वेळ वहीत लिहिते आहे. डॉक्टरांना कळवायला फोन उचलला, तर शेजारी बसलेली अर्पिता म्हणते, “मॅडम, एकतीस तारखेपर्यंत तरी प्रामाणिकपणा आवरा की.” काय करू, ते तुम्ही सांगा.

ता. क. २. रुमालातले दोन्ही गोळे ताज्या खव्याचेच, तेव्हा अर्पिताच्या प्रबंधात ९-ब ची ओळ आता रिकामी आहे. प्रबंध आठवड्याभरात द्यायचा आहे आणि नवा खवा नऊ दिवस ठेवून तपासण्याइतका वेळ नाही. तुम्ही काही टाकून देत नाही, हे मला माहीत आहे. फडताळात मागं सरकून विसरलेला पहिल्या डब्याच्याच घाण्याचा खवा असेल, तर तसाच, तारखेसकट, उद्याच्या एसटीनं पाठवा. आणि वर तुमच्या हाताबद्दल लिहिलेलं वाक्य खोडणार होते, पण नोंदीत खाडाखोड करायची नाही, असं सिस्टर म्हणायची. तेव्हा ते तसंच राहू दे, फक्त मनावर घेऊ नका.