एका मोटरीवर दोन शेतं

३ फेब्रुवारी

आले बाई एकदाची बोरी बुद्रुकला! घोडेगावहून दोन एसट्या बदलून अंगाचं पार भरीत झालं, पण घर बघून जीव हरखला. नवा स्लॅबचा बंगला, चहूकडं कांदा, आणि मला स्वतंत्र खोली. तिथल्या दवाखान्यात आम्ही चौघी नर्स एका खोलीत कोंबलेल्या असायचो. इथं काम एकच, चांगदेव आबांना सांभाळायचं. फुप्फुसं निकामी झालीत, दिवसभर नाकात नळी, आणि कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन घरघरत असतं. त्यांची बायको धोंडाबाई. त्यांनी चहाच्या आधी माझे दंड चाचपले आणि म्हणाल्या, पोर लई दमाची हाय. बैलबाजारात उभी आहे की काय असं वाटून मला हसूच फुटलं.

५ फेब्रुवारी

आबांनी जन्मभर पाइपलाइनची कामं केली, त्यामुळं सगळं मुळापासून समजून घ्यायची खोड. आज विचारलं, हवा जाती छातीत, मग पायाच्या बोटाला कशी पोचती? म्हटलं, तुमच्याच भाषेत सांगते. काळीज म्हणजे मोटर, दोन बाजूंची. अंगभर फिरून आलेलं काळपट रक्त उजवीकडून फुप्फुसांत जातं. तिथं द्राक्षाच्या घडासारखे बारीक बारीक फुगे असतात. रक्त त्यांच्यातून ऑक्सिजन घेतं, खराब हवा तिथंच टाकतं आणि लालभडक होऊन डावीकडं येतं. तिथून मेन लाइन, मग सबमेन, आणि शेवटी केसाहून बारीक नळ्या, तुमच्या ठिबकसारख्या. ऑक्सिजन कमी पडला की टोकाकडं आधी तुटवडा, म्हणून तुमची नखं निळी.

आबांनी स्वतःची निळी नखं उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, एका मोटरीवर दोन शेतं भिजत्यात का? म्हटलं, भिजतात की, पण एकाचा वॉल्व्ह बंद ठेवावा लागतो. आबा खूश झाले. शिष्य मिळाला बाई मला, तोही सत्तरीचा!

७ फेब्रुवारी

दुपारी लाइट गेली. इन्व्हर्टर बिघडलेला, मशीन बंद, आबा माशासारखे तडफडायला लागले. माझी सिलिंडर शोधायची धावपळ, आणि धोंडाबाई अगदी शांत. म्हणाल्या, आबांच्या पाठीला पाठ लावून बस, त्ये घेतील तसा श्वास घे, आमच्यात असंच करत्यात. म्हटलं, ठीक आहे, श्वासाला लय लागली की घाबरलेलं माणूस सावरतं. बसले. हळूहळू दोघांचा श्वास एक झाला, कुणाचा कुठला तेच कळेना. ऑक्सिमीटर लावला तर चौऱ्याऐंशीवरून थेट चौऱ्याण्णव! मशीनवरसुद्धा आकडा इतका कधी जात नाही. स्वतःचाच इतका अभिमान वाटला म्हणून सांगू!

१५ फेब्रुवारी

आता लाइट असली तरी रोज दुपारी बसतो. आबा ओट्यापर्यंत चालतात, भाकरी मागून घेतात. त्यांचा मुलगा सुदर्शन मला ताई ताई म्हणतो, पण नजरेला नजर देत नाही. लाजाळू असेल.

माझी बोटं मात्र बधिर झालीत. भांडी घासताना वाटी निसटली तरी कळलं नाही. थंडीच तशी आहे यंदा.

१९ फेब्रुवारी

जुन्नरहून रिजवानभाऊ मशीनच्या सर्व्हिसिंगला आले. नळीला मीटर लावून बघितला, परत लावला. म्हणाले, ताई, हे कधीचं मेलंय, नुसतं घरघरतंय, नळीतून साधी हवा येती. मागच्या खेपेलाच सुदर्शनला सांगितलं व्हतं. मग म्हणाले, पेशंट जगतोय कशावर?

आबा तेव्हा अंगणात शेवग्याच्या शेंगा काढत होते. रिजवानभाऊ त्यांच्याकडं बघेनात, माझ्या ओठांकडं बघत राहिले. काही लागलं तर फोन करा, म्हणाले आणि गेले.

ऑक्सिमीटर आबांच्या बोटाला लावला. अठ्ठ्याण्णव. माझ्या बोटाला लावला. चौऱ्याऐंशी. सेल बदलले. तेच.

२० फेब्रुवारी

मशीन आधीच मेलेलं, म्हणजे लाइट गेल्यावरची आबांची ती तडफड माझी पाठ मिळवायलाच होती. धोंडाबाईंना सरळ विचारलं, माझ्याआधी कोण होतं? त्यांनी लपवलं नाही. लई गुणाची पोर व्हती, झोपेतच गेली, काय बी तरास झाला न्हाई तिला. हे सांगताना माझ्या केसांना तेल लावत होत्या, हात मायेचा होता.

स्वतःलाच म्हणते, अगं बये, पळ ना! पण भीतीच वाटत नाही. ऑक्सिजन कमी पडला की माणसाला धोका कळत नाही, पेशंटच्या नातेवाइकांना मीच हे सांगायचे.

आज पाठ लावली नाही. तरी आबा घेतात तेव्हाच माझी छाती हलते. वॉल्व्ह उघडाच राहिलाय.

२१ फेब्रुवारी

पिशवी घेऊन निघाले. बांधापर्यंतच गेले. पाय उचलेनात — खाली बसले. सुदर्शननं मोटारसायकलवरून परत आणलं. रडत होता. वडील हाईत ओ माझे, म्हणाला. राग यायला हवा होता.

फोन उशाशीच आहे. रिजवानभाऊंना करीन. उद्या.

२३ फेब्रुवारी

आबांच्या कॉटवर मला निजवलंय. नाकात नळी — तीच. मशीन घरघरतंय. आबा ओट्यावरून कांदा काढणाऱ्या बायांना हाका मारतात. प्रत्येक हाकेला माझी छाती आत जाते.

फोन करायचा राहिला.

२४ फेब्रुवारी

आबांचा नवस होता, चालता झालो की शिवनेरी चढून शिवाई देवीला जाईन. आज निघाले, सुदर्शनबरोबर. मी म्हटलं, आबा, चढावर अंगाला लई हवा लागते — नका. डोक्यावर हात ठेवला माझ्या. म्हाईत हाय पोरी, तूच शिकवलंस.

धोंडाबाई उशाशी आहेत. माझाच फोन, स्पीकरवर, पलीकडं सुदर्शन. पेन त्यांनीच बोटांत धरून दिलं — लिही, मन रमतं. वाचता येत नाही त्यांना.

पहिला दरवाजा आला. आबा म्हणतात, जरा बी दम लागला न्हाई.

मला लागलाय.

हत्ती दरवाजा — नखं काळी — ओळ दिसत नाही

धोंडाबाई, सांगा ना त्यांना — हळू — जरा बसा म्हणावं — त्या हसतात — पोरावानी पळाया लागल्यात, सुदर्शन म्हणतो —

शिवाईच्या पायऱ्या — आबा, अजून किती