'ब्लौफ'चा संशय

४ नोव्हें., मंगळ. ट्रिअर.
रेकॉर्डर घेऊन फ्राउ थिलबाईंकडे पाचवी खेप. वय ८६, माहेर लक्झेंबर्ग, सासर मोझेल नदीच्या अलीकडचं, जर्मनीतलं गाव. पुन्हा लक्झेंबर्गी क्रियापद ब्लायवन, म्हणजे राहणं. एश ब्लायवन, दू ब्लायफ्स, हिए ब्लायफ्ट: मी, तू, तो. भूतकाळ विचारला की लगेच 'ब्लौफ'. जुनं, वापरातून जवळपास गेलेलं रूप, आणि इतकं ओठांवर? माझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण या एका रूपावर उभं आहे, आनंद व्हायला हवा. होत नाही. मी शिरलो तेव्हा बाईंनी उशीखाली काहीतरी सरकवलं.

६ नोव्हें.
गाईडना प्रकरण १७ला हवंय. उगमाचा परिच्छेद झाला. मुळात अर्थ 'चिकटून राहणं', आपलं लिंपणं त्याच घराण्यातलं. आईला फोनवर सांगितलं. "बरं. जेवलास का?"
बाई नक्की पुस्तकातून घोकतात. पण कशासाठी?

११ नोव्हें.
त्या कॉफी करायला आत गेल्या. उशीखालची वही पाहिली. चोरून. लाज वाटली, तरी पाहिली. ब्लायवनची सगळी रूपं. ब्लौफपुढे बरोबरची खूण, शेजारी: 'हेर दामले खूश.' हेर दामले, म्हणजे मी.

१२ नोव्हें.
रेकॉर्डिंग पहिल्यापासून ऐकलं. पहिल्या दिवशी बाई साधं बोलल्यात, 'सि ब्लिवन', म्हणजे राहिले. तीनदा. तिन्ही वेळा मी गप्प. चौथ्यांदा आठवून म्हणतात, माझी आजी ब्लौफ म्हणायची. त्यावर माझा आवाज: "गेनाऊ, गेनाऊ." अगदी बरोबर. पुढे प्रत्येक ब्लौफला माझं गेनाऊ. संशय म्हातारीवर, आणि पढवत होतो मीच. स्वतःचा भयंकर राग आला.

१३ नोव्हें., गुरु.
ठरवून गेलो, उत्तरावर काही बोलायचं नाही.
"ब्लौफ." मी गप्प. "ब्लौफ?" गप्प. मग हळूच, "सि ब्लिवन?" माझा चेहरा बघत राहिल्या.
"आज माझं काही चुकतंय का, हेर दामले? चुकलं तर येणं बंद कराल?"
खरं सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "नाही हो, आजी." चक्क मराठीत. त्यांना काय कळलं कोण जाणे, केक वाढला.

१६ नोव्हें., रवि.
उद्या प्रकरण द्यायचं. वाक्य अजून तसंच आहे: 'ब्लौफ हे रूप आजही वापरात आहे.'
आहे की. आम्हा दोघांत.
दोनदा खोडलं, दोनदा परत लिहिलं. आत्ता बाईंचा फोन येऊन गेला. मंगळवारी कुठलं क्रियापद, विचारत होत्या. तयारीला वेळ हवा म्हणे.