मूळ रंग

४ फेब्रुवारी २०१९, सोमवार

बाबांनी आज पुन्हा तेच केलं. एका गाडीच्या आतल्या फळीवर पेन्सिलीची खूण होती. नव्वद वर्षांपूर्वी कुणा सुताराने केलेली. फोटो काढेपर्यंत हात लावू नका, असं सांगून मी चहाला गेले. परत आले तो फळीवर रंधा फिरलेला. "बघ कशी गुळगुळीत झाली," म्हणाले.

चार वर्षं डनीडनला जुन्या वस्तू जपण्याचं शास्त्र शिकले. आमच्या घरातली पहिली पदवी. आईने ती स्वयंपाकघरात, केटलीच्या वर लावली आहे, म्हणून काच सारखी वाफेने धुरकट होते. आणि इथे वर्कशॉपमध्ये तिचा उपयोग काय? नोएल मला 'प्रोफेसर' म्हणतो, एवढाच. नोएल आमचा पत्रेवाला, तीस वर्षं बाबांबरोबर. आज अर्धा खाल्लेला चीज रोल पुढे करून म्हणाला, "प्रोफेसर, हा जपायचा की टाकायचा?"

मला हसू आलं नाही. जुन्या गाड्यांसाठी अख्ख्या गोर गावात बाबांचं नाव आहे. पण आमच्या दारातून बाहेर पडते ती जुनी गाडी नसतेच. जुन्या आकाराची नवी गाडी असते.

११ फेब्रुवारी

हेक्टर गिलफेडरांची हिरवी, उघड्या टपाची टूरर आली. १९२७ ची. हेक्टरांच्या वडिलांनी तेव्हाच मेंढ्यांच्या शेडमध्ये ब्रशने रंगवलेली, आणि तोच रंग अजून अंगावर. डाव्या दारावर ब्रशचा एक केस रंगात अडकून राहिलाय. कितीतरी वेळ मी त्याच्यापाशीच उभी होते.

हेक्टर चौऱ्याऐंशीचे, ऊनाबाई एक्याऐंशीच्या. लग्नाला साठ वर्षं झाली म्हणून जुन्या गाड्यांच्या ईस्टर रॅलीत जायचंय. चर्चमधून घरी याच गाडीने आले होते. ऊनाबाई म्हणाल्या, "मी ओळखू येत नाही इतकी बदलले. हिला तरी बदलू नका."

बाबा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने दारं वाजवत फिरत होते. या गाड्यांना आत लाकडाचा सांगाडा असतो, वरून पत्रा ठोकलेला. लाकूड कसं आहे ते आवाजावरून ओळखायचं. डाव्या दाराच्या खांबापाशी बाबा थांबले. पुन्हा वाजवलं.

"बद्द येतोय आवाज. पत्रा उघडावा लागेल."

पत्रा उघडला की तिथला रंग गेला.

१५ फेब्रुवारी

कडाक्याचं भांडण. मी दाराच्या खालच्या भोकातून बारीक कॅमेरा घातला होता. दिसलं तेवढं लाकूड कोरडं, चांगलं. बाबांना फोटो दाखवले.

"हे खालचं झालं. वरचं बिजागरीमागचं कुठे दिसतंय?"

"तिथे कॅमेरा जात नाही. पण खाली ओल नाही, तर वर कुठून येणार?"

"वरून येते ओल, पोरी. पाऊस वरून पडतो."

नोएल खोकल्याचं निमित्त करून हसला. मी म्हणाले, "बाबा, मूळ रंग एकदाच असतो. तुम्ही आयुष्यभर लोकांच्या गाड्या सोलत आलात."

बाबांनी फोटो परत दिले. हात पुसून बाहेर गेले. मी बोलले ते खरं होतं, पण नोएलसमोर बोलायला नको होतं.

१८ फेब्रुवारी

हेक्टरांना मीच फोन केला. बाबांना न विचारता. पत्रा उघडला तर तुमच्या वडिलांचा हात पुसला जाईल, असं म्हणाले. वाक्य आधी कागदावर लिहून घेतलं होतं. हेक्टर म्हणाले, "तू शिकलेली आहेस. तू म्हणशील तसं."

जिंकले.

२९ मार्च

सहा आठवडे कापसाचे बोळे आणि डिस्टिल्ड पाणी. नव्वद वर्षांची धूळ बोटभर-बोटभर काढली. खालून असा हिरवा निघाला की नोएलसुद्धा टोपी मागे सरकवून बघत राहिला.

संध्याकाळी जुन्या गाड्यांच्या क्लबात या कामावर माझं भाषण झालं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाबा मागे चहाच्या टेबलाशी कप विसळत होते. टाळ्या वाजवल्या की नाही, ते दिसलं नाही.

१२ एप्रिल

रॅलीसाठी क्लबचा दाखला लागतो, त्यावर वर्कशॉपच्या मालकाची सही. वर्कशॉपच्या कामाच्या कार्डाला जोडलेल्या पानावर मी लिहिलं होतं : 'डावे दार, लाकूड तपासले, ठीक. पत्रा उघडण्याची गरज नाही.' बाबांनी ते दोनदा वाचलं.

"हे तुझं मत."

"हो."

"नक्की?"

मी हो म्हणाले. त्यांनी दाखल्यावर सही केली आणि पेन माझ्याकडे न देता टेबलावर ठेवलं.

२० एप्रिल

खडीच्या रस्त्यावर, वळणावर. वेग पंचवीससुद्धा नव्हता. ऊनाबाई दाराला टेकून मागच्या गाडीतल्यांना हात करत होत्या. बिजागरीचे स्क्रू लाकडासकट निघाले. दार गेलं, दाराबरोबर त्याही रस्त्यावर पडल्या.

मी त्या मागच्या गाडीत होते.

खांबाचं लाकूड मी हाताने उचललं. ओल्या केकसारखं कुस्करलं. वरून कुजलेलं होतं, बिजागरीच्या मागे.

२३ एप्रिल

खुब्याचं हाड आणि मनगट मोडलंय. इन्व्हरकार्गिलच्या हॉस्पिटलात भेटून आले. ऊनाबाईंनी विचारलं, "रंगाला ओरखडा तर नाही ना गेला?"

नाही म्हणून सांगितलं. गेलाय. वीतभर.

२ मे

क्लबची चौकशी. तिघेजण, लांब टेबल, मध्ये बिस्किटांची ताटली. माझ्या मनात सगळं तयार होतं. मी उभी राहणार, सांगणार.

अध्यक्षांनी विचारलं, "पत्रा न उघडायचं कुणी ठरवलं?"

"मी," बाबा म्हणाले. "कंटाळा केला."

"तू? कंटाळा?" अध्यक्ष बाबांना शाळेपासून ओळखतात.

"वय झालं."

त्यांनी कामाचं कार्ड पुढे सरकवलं. माझं पान त्यात नव्हतं.

माझ्या हातात चहाचा कप होता. त्या वेळी मला एकच जाणवत होतं, की कप बशीवर वाजता कामा नये. वाजला नाही. कुणी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी बोलले नाही. हे इथे नीट लिहून ठेवते : मला बोलता येत होतं, वेळ होता, आणि मी बोलले नाही.

येताना ट्रकमध्ये विचारलं, "बाबा, का?"

"खिडकी वर कर. गार लागतंय."

३ मे

रात्रभर कूस बदलत होते. मला राग येतोय. स्वतःचा यावा, पण बाबांचा येतोय. न मागता त्यांनी हे माझ्यावर घातलं. आता आयुष्यात मी त्यांच्याशी कशावरूनही वाद घालू शकणार नाही. एका शब्दात त्यांनी सगळे वाद जिंकले, आणि चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नाही. कसला हा माणूस!

१४ मे

निकाल आला. दोन वर्षं बाबांना दाखल्यावर सही करता येणार नाही. दोन गिऱ्हाइकांनी गाड्या परत नेल्या. पोस्टातल्या बाई आईला म्हणाल्या, "हल्ली जास्तच काम अंगावर घेतात वाटतं तुमचे." आईने माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत आहे. कसं, ते मला माहीत नाही.

ऊनाबाई घरी परतणार नाहीत. वृद्धाश्रमात खोली मिळाली.

२० मे

वर्कशॉप चालू ठेवायचं तर सहीला दुसरं नाव हवं. बाबांनी नोएलला विचारलं.

"मला? माझी सही माझ्या बँकेलासुद्धा ओळखू येत नाही," नोएल म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "शिकलेलं माणूस आहे की घरात."

प्रोफेसर म्हणाला नाही. अपघात झाल्यापासून तो मला तसं म्हणत नाही.

बाबांनी फॉर्म माझ्यापुढे ठेवला. "वाच आणि भर."

भरला.

२४ जून

पहिली गाडी माझ्या सहीची. विंटनहून आलेली निळी, बंद टपाची सलून, १९३१ ची, मूळ रंग. मालकाने हात जोडल्यासारखं करून सांगितलं होतं, रंग तेवढा सांभाळा. मी प्रत्येक खांब वाजवला. चारही खणखणीत. बाबांनीही वाजवले आणि म्हणाले, "काही नाहीये आत."

"उघडा," मी म्हणाले.

नोएल माझ्याकडे पाहतच राहिला. बाबा अंगणात निघून गेले. पत्रा निघाला तसा रंग पापुद्र्यांनी जमिनीवर पडला.

आत लाकूड कोरडं, पिवळं, कालच रंधा फिरवल्यासारखं. चारही दारांत.

सही केली.