दादाच्या नावाची बाटली

झाशी,
१९ फेब्रुवारी १९६४

प्रिय मधू,

रागावून लिहितोय असं वाटलं तर वाटू दे, पण पत्र शेवटपर्यंत वाच. घरात मला 'फौजदार' म्हणतात, ते नाव तूच पाडलेलं आहेस.

आपल्या दादाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन सातवर आलं म्हणून डॉक्टरांनी त्याला इंजिनावरून उतरवलं, हे तुला ठाऊक आहेच. दिवसभर कोळसा मारणारा फायरमन रिकामा बसला की घर कसं डोक्यावर घेतो, ते शारदावहिनींना विचार. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. दहा दिवसांनी मी समथरहून मुंज आटोपून परत येतो, तर इस्पितळात माझ्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर दादाच्या नावाची रक्ताची बाटली. कंपाउंडर म्हणाला, "बाबूजी, बड़े भैया ख़ुद रख गए." तपासलं तर तेरा! दहा दिवसांत सातचे तेरा? कुठेतरी पाणी मुरत होतं.

रक्त नव्यानं भरून येतं तेव्हा त्यात कोवळ्या लाल पेशी भरपूर असतात. निळा रंग दिला की त्यांच्या पोटात जाळी दिसते. हजारात ऐंशी तरी हव्या होत्या. मी हजार पेशी मोजल्या, सापडल्या सहा. पुन्हा मोजल्या, सात. ज्याचं रक्त कधी कमीच झालं नाही, अशा माणसाचं ते रक्त होतं.

मग काय, कंपाउंडरपासून शेडमधल्या दोस्तांपर्यंत मी कुणाला सोडलं नाही. शेवटी वहिनी बोलून गेल्या की त्या सकाळी तू चिरगाँवच्या बसनं आला होतास आणि चहाही न घेता परतलास. दादा तर नजरच देईना. चोराच्या मनात चांदणं! काल त्याला समोर बसवून मी स्वतः बोट टोचलं. रक्त नऊ, आणि कोवळ्या पेशी हजारात नव्वद. अरे वेड्यांनो, महिन्या-दोन महिन्यांत तो स्वतःच्याच रक्तावर इंजिनावर चढला असता! मी खरा रिपोर्ट लिहिला आणि तुम्हां दोघांना मनातल्या मनात शिव्या घातल्या.

पत्र इथेच संपवता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मधू, त्या बाटलीतल्या पांढऱ्या पेशीही मी मोजल्या. सात-आठ हजार असतात, त्या सव्वा लाख भरल्या, आणि त्यांतल्या कितीतरी अर्धकच्च्या. तीनदा मोजलं. डॉक्टरांनीही सूक्ष्मदर्शकाखाली काच पाहिली. हा रक्ताचा मोठा आजार आहे. गोळ्या आहेत, पण उशीर करायचा नाही, असं ते म्हणाले. मी स्वतःच आलो असतो, पण तुझ्या कुसुमसमोर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. दादाला अजून सांगितलेलं नाही. तुझं रक्त त्यानंच मागितलं होतं ना. बाटली तुझी नव्हती असं म्हणालास तर मी तुझे पाय धरीन, पण मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नकोस. फसवाफसवीचं मी निस्तरतो, तुला कुणी एक शब्द विचारणार नाही. तू फक्त उद्या पहिल्या बसनं ये.

तुझाच,
वामन