तुझ्या मांडीवरचं मांजर

मावशी, आज तुला सांगून टाकायचंच असं ठरवून बसलेय आणि एवढ्यात तीनदा उठलेय. एकदा गॅस बघायला, एकदा कडी बघायला, एकदा नुसतीच. भुकूमच्या या घरात तू कधी आली नाहीस. इथे रोज दुपारी गॅलरीत एक करडं मांजर येतं. डॉक्टर म्हणतात, लांब राहा. मी गोळी गिळते आणि त्याला मांडीवर घेते. नाक गळतं, डोळे चरचरतात, लेक ओरडते. ओरडू दे.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या साली तू वडिलांची दुसरी बायको होऊन माले गावी आमच्या घरात आलीस. मी चौथीत होते, आईला जाऊन वर्ष झालं होतं. वडील म्हणाले, "हिला मावशी म्हनायचं." कोळवणहून तू आणलीस एक ट्रंक आणि झाकणाच्या टोपलीतलं मांजर. बायका पदर तोंडाला लावून हसल्या, तर तू फटकन म्हणालीस, "हसा की! हितं मला वळखनारं तेवढंच हाय." मला तू तिथंच आवडलीस, आणि त्याचा मला रागही आला.

महिन्याभरात माझ्या शिंका सुरू झाल्या, मग छाती वाजायला लागली. मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो असं सगळा गाव म्हणायचा, म्हणून तू माझं दूध फडक्यातून दोनदा गाळायचीस. काय उपयोग! तू चुलीपुढं बसलीस की ते तुझ्या मांडीवर घुरघुरत असायचं आणि मी शेजारच्या पाटावर शिंकत. पौडच्या डॉक्टरांनी शेवटी स्पष्टच सांगितलं, दुधाचा काही संबंध नाही, मांजर घरात आहे तोवर हिची छाती वाजणार. वडील पोतं शोधायला लागले. तू त्यांच्या हातातून ते ओढून घेतलंस. "तुमी कुटंबी टाकून याल. माझं मी नेते."

दारात तू ते पोतं सात वेळा गरागरा फिरवलंस, त्याला दिशा कळू नये म्हणून. मग नदीपलीकडच्या वस्तीवर सोडून आलीस. पाणी ओलांडलं की मांजराला घर सापडत नाही म्हणतात. परत आलीस. माझी गोधडी उकळून वाळत घातलीस आणि मग मला जवळ ओढून चुलीपुढं माझी वेणी घालायला बसलीस. मी हळूच तुझ्या मांडीवर डोकं टेकलं. तू ढकललं नाहीस. मावशी, आई गेल्यापासून मला कुणी असं धरलं नव्हतं गं. त्यानंतर रोज वेणी, रोज मांडी.

पण मागच्या दाराशी तू रोज वाटीभर दूधही ठेवायचीस. वडील चिडवायचे, "उंदरं पाळलीस व्हय?" तू म्हणायचीस, "घरात न्हाई घेत मी त्याला. आलं तर उपाशी जाऊ ने, एवढंच."

आणि ते आलं. तू धुणं घेऊन नदीवर गेली होतीस. पेंढ्याच्या गंजीमागून निघालं, हडकलेलं, एक कान फाटलेला. वाटीशी बसून ते दूध प्यायला लागलं. मला तेव्हा शिंक नव्हती, छाती अगदी मोकळी होती. ते तुला दिसलं की तू त्याला उचलणार, एवढंच मला दिसत होतं. मी धोंडा उचलून मारला. मागच्या पायाला लागला. लंगडत ते गेलं आणि मी वाटी धुऊन पालथी घातली. तू ओल्या धुण्यासकट दारात उभी राहून विचारलंस, "आलं हुतं का गं?" मी म्हटलं, "न्हाई." मग तू पुन्हा वाटी भरलीस. पावसाळा लागेपर्यंत भरत होतीस.

दवाखान्यात शेवटच्या दिवसांत माझा हात धरून तू म्हणालीस, "माझ्या मांजरापायी तुला लई तरास झाला गं, पोरी." मी काय म्हणाले? "जाऊ दे ना, मावशी." तिथंही तोंड उघडलं नाही.

आता हे लिहिलेलं घेऊन कुठे जाऊ? वहीतच राहील. गॅलरीतलं मांजर दार खरवडतंय, मला पुन्हा उठायला हवं. ते आलं होतं, मावशी. एवढं पाणी ओलांडून ते तुझ्याकडे आलं होतं.