टेलरताईची सुनावणी

४ मार्च

पहिली केस हातात! म्हणजे सही माझ्या सीनियर वकील मॅडमचीच, पण तयारी सगळी माझी.

मनातल्या मनात तिला मी टेलरताई म्हणते. तिच्या देशात संपकऱ्यांच्या मोर्चासाठी फलक शिवून दिले, एवढाच तिचा गुन्हा. शिपायांनी घरातून उचलून नेलं, तुरुंगात हाल केले. सुटल्यावर पळून इथे आली. आश्रय मिळाला तर जगली, नाही तर परत त्यांच्याच तावडीत.

मामा म्हणतो, लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजतेस? त्याने एका मोठ्या कंपनीत शब्द टाकलाय. एक तारखेपासून तिथे. मीही हो म्हटलंय.

९ मार्च

ताई आता घडाघडा बोलते. तारीख, वार, क्रम — कुठेही अडखळत नाही. मी खूश!

१० मार्च

मॅडमनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. हे पाठांतर आहे, म्हणाल्या, न्यायाधीशांना लगेच वास येईल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांनी फाईल मिटली आणि ताईला तिचं घर विचारत बसल्या. मशीन कुठे होतं, उजेड कुठून यायचा, दाराची कडी वर की खाली. ताई हातांनी दाखवायला लागली, आणि मला ती खोली दिसली! इतके दिवस मी नुसत्या तारखाच घोकून घेत होते. अशी वकिली मला कोणी शिकवलीच नव्हती.

१७ मार्च

सुनावणी.

सरकारी वकिलांनी सुरुवातीलाच तिला तारखांत गुंतवलं. ताई चुकली, पुन्हा चुकली. शेवटी न्यायाधीशांनीच विचारलं, की शिपाई आले तेव्हा तुम्ही काय करत होता?

शेजारणीच्या मुलीचा शाळेचा झगा शिवत होते, ताई म्हणाली. दार वाजलं. शिवण पुरी केली, दोरा तोडला, मग उघडलं.

सरकारी वकील हसले. दारात शिपाई, आणि तुम्ही शिवत बसलात?

ताई शांतपणे म्हणाली, "एकदा दार उघडलं की मी परत मशीनवर बसणार नव्हते. पोरीला सकाळी शाळेत जायचं होतं."

मॅडम चष्मा पुसत राहिल्या. काय माणसं असतात! आणि अशा माणसाशेजारच्या खुर्चीत मी, काल-परवा सनद मिळालेली.

१९ मार्च

कपाटातले कपडे उलटे करून शिवणी बघत बसले. आई म्हणाली, डोकं फिरलंय हिचं.

२६ मार्च

निकाल नाही. कंपनीचं पत्र आलं. आईने ते देवापुढे ठेवलं.

२९ मार्च

नामंजूर. खरोखर घाबरलेलं माणूस शिवण पुरी करत बसत नाही, म्हणे.

ताई रडली नाही. "अजून काही करता येतं का, वकीलबाई?" मॅडमना नाही, मला विचारलं.

मामाला फोन करून सांगितलं, येत नाही. तो बराच वेळ बोलत होता.

अपिलावर सही माझी.