उलटा उठलेला डाग

सेज क्रीक, १९ जून १९५८

प्रिय अर्लदादा,

प्रभू तुम्हा सर्वांवर छाया धरो. पार्सल पोहोचलं. बाबांची डागणी, मुरंब्याच्या दोन बरण्या, आईने विणलेले मोजे, सगळं नीट आहे. सोडवताना चाळीस सेंट जादा पडले, हरकत नाही.

डागणी लगेच संग्रहालयात दिली. रविवारी प्रार्थनेनंतर तिथे जुन्या घराण्यांचा मेळावा झाला. प्रत्येकाची गुरं डागायची डागणी तापवून एका लांब फळीवर डाग उठवले. आपली डागणी ज्याच्या हाती होती त्याने ती उलटी धरली. आपल्या मर्डॉकांचा ‘एम’ जळून ‘डब्ल्यू’ झाला.

विल्कॉक्सांची ‘डब्ल्यू’ची डागणी पुरात गेलेली. त्यांच्या आजीबाई त्या डागावर हात फिरवून म्हणाल्या, "सापडली गं बाई आमची!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर संग्रहालयाच्या चिटणीसांना सांगितलं, तर म्हणतात, "बाई, जळलेलं लाकूड खोडरबराने पुसू का? डोक्यावर उभ्या राहून बघा, तुमचंच आहे." खाली विल्कॉक्सांच्या नावाची चिठ्ठीही लावली. आपला डाग पुन्हा उठवायला फळीवर आता जागा नाही.

रोज प्रार्थनेला बसते, पण मागू काय? बाबांचं नाव मागावं, तर त्या म्हातारीचं जातं.

पुढच्या शनिवारी आईला फळी बघायला आणणार म्हणालास. तिचे गुडघे कसे आहेत? प्रवास झेपेल ना? वहिनी, मुलं बरी आहेत ना?

आईला हे तू सांगशील, की ती इथे आल्यावर मी सांगू, तेवढं उलट टपाली कळव.

तुझी बहीण,
हॅटी